तिसरा तांब्या

२० मार्च, गुरुवार

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यातली एक दुपार आज सारखी आठवतेय. आम्ही भाईंदरच्या जेसल पार्कला नुकतेच राहायला आलो होतो. नळाला पाणी नव्हतं, आणि अकराला येणारा टँकर दोन वाजले तरी आला नव्हता. बिल्डिंगच्या सगळ्या बायका आपापली बादली रांगेत ठेवून जिन्यात बसल्या होत्या. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईचं नावही मला तेव्हा माहीत नव्हतं. तिने माझी निळी बादली उचलली आणि स्वतःच्या बादलीला चिकटवून ठेवली. "टीचर ना तुम्ही? इथे ठेवा. मध्ये कोणी शिरायला नको." मग आम्ही दोघींनी एक काकडी तिखटमीठ लावून खाल्ली. टँकर तीनला आला. बस, एवढंच. संध्याकाळी कॉन्रॅडने विचारलं, "काय केलंस दिवसभर?" मी म्हटलं, "काही नाही."

ती बाई म्हणजे वैजयंता. आज सकाळी तिने दारात उभ्या उभ्या सांगितलं, "टीचर, बायपास करायला सांगितलीय. तीन ठिकाणी बंद आहे." पंपाची मोटार बिघडल्याचं सांगावं तसं.

"कधी?"

"डॉक्टर म्हणत होता पुढच्या आठवड्यात. मी म्हटलं, चौदा एप्रिल झाल्याशिवाय मी कोणाला छाती उघडू देणार नाही. जयंतीला मी नसले तर खिरीतली साखर कोण बघणार? त्याने गोळ्या वाढवल्या आणि सोळा तारीख दिली."

ही वही माझ्या लेकीने, क्रिस्टलने, कॅनडाहून पाठवली त्याला दोन वर्षं झाली. आजवर कोरीच होती. पण आज कोणाशी तरी बोलायला हवं, आणि एरवी मी जिच्याशी बोलते, तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

२३ मार्च, रविवार

चर्चमध्ये उपवासकाळाची प्रवचनं सुरू झाली. यंदा प्रवचनकार बाहेरगावचे आहेत. बारीक चणीचे, पण आवाज असा की मागच्या बाकावरचे म्हातारेसुद्धा जागे राहिले. ते म्हणाले, तारण येशूमुळेच आहे, दुसऱ्या कोणामुळे नाही.

आता यात नवीन काय? मी हे दुधाबरोबर प्यायले आहे. बावीस वर्षं रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मीच मुलांकडून पाठ करून घेतलंय. पण आजपर्यंत ते वाक्य माझ्या तोंडात होतं. आज ते उठून समोरच्या फ्लॅटमध्ये जाऊन बसलं.

ते म्हणाले, "डोळे मिटा. जिच्यावर तुमचं प्रेम आहे आणि जिला येशू माहीत नाही, अशी एक व्यक्ती डोळ्यांसमोर आणा." मला डोळे मिटायचीही गरज पडली नाही.

स्वर्ग कसा असेल याचा मी फार विचार कधी केलेला नाही. पण जेव्हा केला, तेव्हा मला आमचा जिनाच दिसला. एका दारात मी, समोरच्या दारात वैजू. आता त्या जिन्यात समोरचं दार बंद दिसतंय आणि बाहेर पाटी नाही.

२६ मार्च, बुधवार

आज विषय काढला. वैजू मेथी निवडत होती.

"वैजू, मेल्यावर काय होतं असं तुला वाटतं?"

"पंचशीला रडेल. धम्मपाल मंडपवाल्याशी भांडेल." पंचशीला तिची सून, धम्मपाल मुलगा.

"तसं नाही गं. त्यानंतर."

"त्यानंतर पुण्यानुमोदन. आलेल्या माणसांना नुसता नाश्ता देऊ नका, पोटभर जेवण द्या, असं सांगून ठेवलंय मी."

मग मी धीर करून म्हटलं, "मला स्वर्गात तू हवी आहेस."

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "कोण कोण आहे तिथे?"

"कॉन्रॅड आहे."

"चांगला माणूस. आणखी?"

"माझे आईबाबा. कॉन्रॅडची आई."

"थांब, थांब. तुझी सासू आहे तिथे? मला बघून दाराला साखळी लावायची ती?"

"जायच्या आधी तिने पापनिवेदन केलं होतं, वैजू."

"माझ्याकडे नाही केलं."

ती पुढे म्हणाली, "तिला आत घेतलं आणि मी बाहेर, असं असेल तर टीचर, तुझ्या देवाला जरा माणसांची पारख करायला शिकव."

याला उत्तर होतं. माझी सासू तिथे असेल ती तिच्या चांगुलपणाने नव्हे. तिथे कोणीच स्वतःच्या चांगुलपणाने जात नाही. येशूने आपली किंमत भरली म्हणून जातो. मी काय आणि सासू काय, दोघी उधारीवरच. हे फार चांगलं उत्तर होतं. ते मला दोन तासांनी सुचलं, कांदा परतताना.

येताना मी तिला येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर दिली, छातीवर हृदय उघडं दिसतं ती. तिने ती निरखून पाहिली. "याचंपण हृदयाचंच झालंय वाटतं," म्हणाली, आणि बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंशेजारी जागा करून ठेवली. "असू दे. पाहुणा आहे."

३० मार्च, रविवार

उत्तनला माहेरी गेले. स्टीवनदादा अंगणात जाळं सांधत बसला होता. बहात्तर वर्षांचा झाला, होडीवर जात नाही, पण जाळ्याला हात लावल्याशिवाय त्याला करमत नाही. त्याला सगळं सांगितलं. त्याने सुई थांबवलीच नाही.

"तुला देवानं गेटवर वॉचमन ठेवली हाय काय?"

"न्हाय," मी म्हटलं. माहेरी गेलं की माझी जीभ आपोआप वळते.

"मग आत कोणाला सोडायचं ती चिंता तुला कशाला?"

"पण आपल्याला माहीत असून आपण सांगितलं न्हाय तर?"

"सांग ना. कोणी तोंड धरलंय? पण ढकलू नको. ढकललेला माणूस पाण्यात पडतो, होडीत न्हाय."

निघताना त्याने सुक्या बोंबलांची पिशवी हातात दिली. "वैजयंताला दे."

"अरे, हार्टच्या पेशंटला सुके बोंबील?"

"ऑपरेशन झाल्यावर खाईल. न्हाय खाल्ले तर तू खा."

बसमध्ये पिशवी मांडीवर होती, म्हणून भाईंदर येईपर्यंत शेजारी कोणी बसलं नाही. विचार करायला भरपूर जागा मिळाली. स्टीवनदादाचं बोलणं मला पटलं. फक्त ते माझ्या बाबतीत लागू होतं असं वाटलं नाही.

२ एप्रिल, बुधवार

सकाळपासून सिस्टर बर्नाडेट डोळ्यांसमोर आहेत. सहावीत त्यांनी आम्हाला शिकवलं होतं की कोणाच्या जिवाला धोका असेल आणि फादर जवळ नसतील, तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. साधं पाणीसुद्धा चालतं. डोक्यावर तीनदा ओतायचं, आणि ओतताना म्हणायचं, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने. आम्ही हे एका बाहुलीवर शिकलो. वर्गात बेचाळीस मुली होत्या, त्यामुळे ती बाहुली एका आठवड्यात बेचाळीस वेळा ख्रिस्ती झाली. शेवटी तिचे केस गळले.

म्हणजे नियम सरळ आहे. जिवाला धोका आहे. फादर जवळ नाहीत. (आहेत. चालत पंधरा मिनिटांवर. हे लिहून ठेवते, कारण या वहीशी खोटं बोलून काय मिळणार?) ज्याला बाप्तिस्मा द्यायचा त्याच्या इच्छेबद्दल सिस्टर काहीतरी म्हणाल्या असतील. पण त्या वेळी मी बहुतेक बाहुलीचा फ्रॉक पिळत होते.

आणि योगायोग बघा. आज वैजू म्हणाली, "शनिवारी माझे केस धुऊन दे गं. हात वर केले की धाप लागते. पंचशीला धुते पण ओढते."

याला योगायोग म्हणायचं की इशारा?

दुपारभर नाव शोधत होते. मेरी ठेवावं की तेरेझा? शेवटी वैजयंताच ठेवायचं ठरवलं. इतक्या वर्षांची सवय आहे, तिथे गेल्यावर नव्या नावाने हाक मारणं मला जमायचं नाही.

आणखी एक. वैजूने आज पंचशीलाला माझ्याकडे पाठवलं, माझी जादा किल्ली कुठे असते ते बघून घ्यायला. "आईंनी सांगितलंय, मावशी." ऑपरेशन वैजूचं आणि किल्ली माझी. आजारपणात माणूस काय काय मनात घेतो!

५ एप्रिल, शनिवार

अकरा वाजता गेले. पंचशीला बाजारात गेली होती. वैजू बाथरूममध्ये स्टुलावर डोकं खाली घालून बसली. गरम पाण्याची बादली भरलेली, हातात तिचा पितळी तांब्या. मी चर्चमधून आणलेलं पवित्र पाणी गुलाबपाण्याच्या बाटलीत घालून नेलं होतं. साधं चालतं हे माहीत होतं, तरी म्हटलं कमी पडायला नको. तेही बादलीत ओतलं.

शाम्पू लावला. डोकं चोळलं. आता सुरू करावं म्हणून पहिला तांब्या ओतला, पण तोंडातून शब्द निघेना. म्हणून तो तांब्या नुसता शाम्पू काढायला गेला. दुसराही तसाच. तिसऱ्याला मी घसा साफ केला तर वैजू म्हणाली, "सर्दी झालीय का? आलं घाल काढ्यात." चौथ्याला डोअरबेल वाजली, कचरेवाला होता. पाचव्याला मला कॉन्रॅडची आठवण आली आणि मी उगीच रडले.

मग ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. तांब्या भरला आणि ओठांतल्या ओठांत म्हटलं, "वैजयंता, मी तुला पित्याच्या..." ओतला. "आणि पुत्राच्या..." दुसरा ओतला. तिसऱ्यासाठी तांब्या बादलीत घातला तर खण्णकन आवाज आला.

बादली रिकामी.

नळ सोडला. नळाने एकदा उचकी दिली आणि गप्प झाला. शनिवारी अकरानंतर टाकी संपते, हे मला इतक्या वर्षांत माहीत नसावं?

"झालं का?" वैजूने डोळे घट्ट मिटून विचारलं.

खरं सांगायचं तर तेच मलाही माहीत नव्हतं.

"काय पुटपुटत होतीस?"

"काही नाही गं. पाणी संपलं."

"मग त्याला शिव्या देत होतीस होय. मोठ्याने द्यायच्या ना, मी पण दिल्या असत्या."

टॉवेलने तिचे केस पुसले. पांढरे, मऊ, कापसासारखे. त्यात शाम्पू राहिला होता. आता माझी मैत्रीण दोन तृतीयांश ख्रिस्ती आहे की मुळीच नाही, हे मला कोण सांगणार?

६ एप्रिल, रविवार

फादर ट्रॉयने सांगितलं.

ट्रॉय तिसरीत माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात होता. तेव्हा तो प्रार्थनेत जांभया द्यायचा. आता तो आमचा फादर आहे. मिस्सेनंतर मी त्याच्या ऑफिसात गेले.

"फादर, दोन तांब्यांचा बाप्तिस्मा चालतो का?"

त्याने मला बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. बादली खणखणली तिथपर्यंत आल्यावर त्याने टेबलावरचा पेपर तोंडासमोर धरला. पेपर हलत होता. मग खाली ठेवला तेव्हा चेहरा गंभीर होता.

"वैजयंताबाईंनी बाप्तिस्मा मागितला होता?"

"केस धुऊन मागितले होते."

"टीचर, मोठ्या माणसाने तो स्वतः मागावा लागतो. टाकी भरलेली असती आणि तुम्ही दहा तांबे ओतले असते, तरी ती नुसती आंघोळच झाली असती. वर तुमच्या हातून पाप झालं असतं, ते झालंच आहे."

"पण तारण येशूमुळेच आहे ना? का आता तेही बदललं?"

"काही बदललेलं नाही. जो कोणी तरेल, तो त्याच्यामुळेच तरेल. मी हे रोज सांगतो आणि मानतो. पण तो कोणापर्यंत कुठल्या वाटेने पोहोचतो, ते सगळं त्याने मला कळवलेलं नाही. तारणारा तो आहे, टीचर. तुम्ही नाही, मीही नाही."

"म्हणजे वैजू तिथे असेल?"

"असं मी म्हटलं नाही."

"म्हणजे नसेल?"

"असंही म्हटलं नाही."

तिसरीतही पाठांतर झालेलं नसलं की तो अशीच उत्तरं द्यायचा. पण आज त्याची नजर सरळ माझ्याकडे होती.

"आता त्यांना सांगा," तो म्हणाला. "आणि माफी मागा."

"ऑपरेशननंतर सांगू?"

"नंतर कशाला? त्या वाचल्या तर सांगायचं, आणि नाही वाचल्या तर तुम्ही सुटलात, असं?"

याला मी जांभया देण्याबद्दल उगीच ओरडत होते. हा सगळं ऐकत होता.

७ एप्रिल, सोमवार

सांगितलं. सगळं, बाटलीपासून बादलीपर्यंत.

मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. उठून उभी राहिली, तिला धाप लागली, म्हणून पुन्हा बसली.

"माझा बाप परभणीकडून नागपूरला गेला होता, ॲग्नेसबाई," ती म्हणाली. तिने मला आजवर टीचरशिवाय दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही. "अर्धी वाट चालत. छप्पन्न साली. मी जन्मलेपण नव्हते. तिथे भर उजेडात, लाखो माणसांत उभा राहून त्याने स्वतःच्या तोंडाने धम्म घेतला. कोणी त्याच्या कानात पुटपुटलं नाही. आणि तू माझा धर्म बदलत होतीस बाथरूममध्ये? माझ्या डोळ्यांत शाम्पू असताना?"

"वैजू, मी प्रेमाने..."

"माहीत आहे प्रेमाने. म्हणून तर जास्त लागलं. दुसरं कोणी असतं तर पोलिसात गेले असते आणि विसरून गेले असते."

मग म्हणाली, "जा आता. माझी गोळीची वेळ झाली."

तिने दार लावलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

८ एप्रिल

नाही बोलली.

१० एप्रिल, गुरुवार

पंचशीला येऊन विचारून गेली, "मावशी, तुमचं आणि आईंचं काय झालंय? त्या सांगत नाहीत. रोज सकाळी तुमच्या दाराच्या कडीचा आवाज ऐकतात आणि मग पेपर वाचायला घेतात."

मी म्हटलं, काही नाही. सोळा तारखेला सहा दिवस उरले. प्रार्थनेला बसते तर शब्द येत नाहीत. आधी म्हणत होते, प्रभू, तिला तुझ्याकडे घे. मग लक्षात आलं की बायपासच्या आधी ही प्रार्थना जरा बेतानेच केलेली बरी.

१३ एप्रिल, रविवार

झावळ्यांचा रविवार. मिरवणुकीत सगळ्यांच्या हातात झावळ्या होत्या. गर्दीत सगळ्यांदेखत आपलं म्हणणं ओरडून सांगायचा हा दिवस. चालता चालता वैजूच्या बापाची आठवण आली. त्या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही, पण आज तो माझ्या पुढेच कुठेतरी चालतोय असं वाटत राहिलं.

उद्या जयंती. मी काय करायचं ते मला कळलं आहे. भीती वाटतेय.

१४ एप्रिल, सोमवार

विहाराच्या मंडपात गेले. निळ्या झेंड्यांनी गल्ली भरली होती. वैजू पांढरी साडी नेसून खिरीच्या पातेल्याशेजारी खुर्ची टाकून बसली होती. डॉक्टरने उभं राहायला मनाई केलीय, बोलायला नाही.

आचारी विचारत होता, "अम्मा, चीनी और डालूँ?"

"डालो, डालो. जयंती है, शुगर टेस्ट नहीं है."

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. आजूबाजूला महिला मंडळाच्या वीस-पंचवीस बायका. बावीस वर्षं वर्ग घेतल्यामुळे माझा आवाज लांब जातो. मी म्हटलं, "वैजयंता, माझी फार मोठी चूक झाली. मला माफ कर."

पुऱ्या लाटणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"अगं, हळू बोल," वैजू म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू दे. अंधारात केलं ते उजेडात सांगायला आलेय. मी तुझ्या बाथरूममध्ये..."

"गप्प! काय केलंस ते सांगू नकोस. इथे माझी काही इज्जत आहे."

आता तर सगळा मंडप कान देऊन ऐकायला लागला. गोदूबाई म्हणून एक आहे, ती पुरीचं पीठ हाताला तसंच ठेवून जवळ आली. "काय केलं हो यांनी?"

वैजूने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"माझे केस धुतले," ती म्हणाली.

"केस धुतले म्हणून एवढी माफी?"

"नीट नाही धुतले. शाम्पू तसाच ठेवला. चार दिवस खाज."

"एवढंच?"

"हिला तुझेही धुवायला सांगू का? मग कळेल."

बायका हसायला लागल्या. मी रडायला लागले. वैजूने शेजारची खुर्ची ओढली. "बस, टीचर. पुरी खा. रिकाम्या पोटी रडू नये."

बऱ्याच वेळाने, गाणी जोरात लागली होती आणि आम्हाला कोणी ऐकू शकत नव्हतं, तेव्हा तिने विचारलं, "एक सांग. तू घाबरलीस ती मी कुठे जाईन म्हणून, की तू तिथे एकटी पडशील म्हणून?"

मला प्रश्न नीट कळला नाही. मी म्हटलं, "तुझ्यासाठीच गं."

"बरं," ती म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक पुरी टाकली.

मग म्हणाली, "माझ्यासाठी प्रार्थना करायची असेल तर तोंडावर कर. आत्ता. मला काय मागतेस ते ऐकू दे."

मी तिचा हात धरला आणि लाऊडस्पीकरच्या वर आवाज काढून येशूकडे मागितलं. तिचं हृदय नीट शिवलं जावं. भूल नीट उतरावी. आणि येशू, ही तुला ओळखत नाही, पण तू हिला ओळखतोस, हे मला माहीत आहे.

"डॉक्टरच्या हातासाठीपण माग," वैजू मध्येच म्हणाली. "पोरगा तरुण आहे."

मागितलं. मी आमेन म्हटलं. ती म्हणाली, "साधू, साधू, साधू." गोदूबाईने लांबून विचारलं, "आता काय चाललंय तुमचं?" वैजू ओरडली, "केस धुवायची तारीख ठरवतोय!"

१६ एप्रिल, बुधवार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. पंचशीला शेजारी आहे, धम्मपाल औषधं आणायला खाली गेलाय. वैजूला आठ वाजता आत नेलं. त्याआधी तिने मला जवळ बोलावलं. "वही आणलीस? लिहून घे. मी परत आले की फाडून टाकू." तेव्हा तिने सांगितलं तसं घाईत टिपून घेतलं, तेच आता नीट उतरवते आहे. एकही शब्द माझा नाही.

सोन्याच्या पाटल्या संचिताला द्याव्यात. नात एकच आहे, भांडण नाही. पण लग्नात देऊ नयेत, पहिल्या पगाराच्या दिवशी द्याव्यात.

शिलाई मशीन वॉचमनच्या बायकोला, नीलमला. ती मागणार नाही, म्हणून तिलाच.

पांढऱ्या साड्या महिला मंडळाला. गोदूबाईला एकही नको, तिने माझी परात अजून परत केलेली नाही. परात आणून दिली तर एक द्यावी.

धम्मपालला लोखंडी कपाट, आतल्या कागदांसकट. त्याच्या बापाचं, कोंडिरामचं घड्याळ खालच्या खणात आहे. चालत नाही, दुरुस्त करू नये.

मोठा कुकर पंचशीलाला. झाकण जरा तिरकं घालून मग सरळ करायचं.

पंचशीलाला आणखी एक, टीचर.

इथे मी पेन थांबवलं. "हे काय लिहायचं?" वैजू म्हणाली, "सांगते ते लिही." पंचशीलाने टीचरला रोज सकाळी साडेसहाला हाक मारावी आणि आपल्याकडे चहाला बसवावं. ती एकटी असली की कालचाच चहा गरम करून पिते. तिने देवाबद्दल काही सांगितलं तर ऐकून घ्यावं, शेवटपर्यंत. ती वाईट मनाने सांगत नाही. ख्रिसमसला तिच्या घरी कोणी येत नाही, तर आपण सगळ्यांनी जावं, जेवून यावं, आणि केक कडक झाला असला तरी दुसऱ्यांदा मागावा.

एवढं सांगून ती म्हणाली, "झालं. आता जाऊ दे मला," आणि त्यांनी खाट आत नेली.

पंचशीलाने माझ्या खांद्यावरून हे वाचलं. ती माझा हात हातात घेऊन बसली आहे. म्हणून अक्षर वाकडं येतंय.

आता पावणेअकरा झालेत. दारावरचा लाल दिवा तसाच आहे. वैजूची यादी संपली. तिच्याखाली ही एक ओळ मी माझ्या मनाने घालते आहे. ती परत आली की तिला दाखवणार आहे, लपवणार नाही.

प्रभू येशूला, वैजयंता. जशी आहे तशी. घाई अजिबात नाही.